गादीवरची माफी

"सोड. सोड ती साडी. बाटवली सगळी."

एवढं बोलून शेठनं माझ्या खांद्यावरचा पदर धरला आणि ओढला. लग्नाचा शालू होता. पदर शर्टाला पिनेनं लावलेला. पिनेसकट शर्ट टरकला. मी गादीवर दोन गिरक्या खाल्ल्या आणि थांबलो. समोर नेवाशाकडचं वऱ्हाड बसलेलं. बायका पुढे, गडीमाणसं मागे भिंतीला टेकून, हातात चहाचे कप. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. नवरी हसली नाही, ती खाली बघत होती.

कुणाला वाटेल, वस्त्रहरण. तसलं काही थोर नव्हतं ते. मी आत शर्ट-पँट घातलेली होती. धावून यायला कुणी देव नव्हता आणि मी कुणाला हाकही मारली नाही. एका कापड दुकानदारानं आपल्या सेल्समनच्या अंगावरून साडी ओढली. बस.

दुकान श्रीरामपुरातलं आहे. नाव सांगत नाही, त्याची फुकट जाहिरात मी करणार नाही. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी गादी अंथरलेली. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं टेम्पो भरून बस्ता बांधायला येतात, म्हणजे नवरीच्या शालूपासून आत्याबाईच्या मानाच्या साडीपर्यंत सगळं कापड एकाच बैठकीत घेतात. या गादीवर दिवसच्या दिवस बसतात. साडी नुसती उलगडून दाखवली तर बायकांचं समाधान होत नाही. "नेसून दाव की," म्हणतात. मग सेल्समन उभा राहतो, शर्ट-पँटवरच साडी गुंडाळतो, चार निऱ्या खोचतो, पदर खांद्यावर टाकतो आणि वळून दाखवतो. मिशीवाला असो, ढेरीवाला असो, नातवंडांचा आजोबा असो. जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या दुकानात जा, हेच दिसेल. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. गैर वाटायला वेळच नसतो, मागे अजून मामीची साडी राहिलेली असते.

आपल्याकडे नवी साडी पहिल्यांदा नेसायची त्याला घडी मोडणं म्हणतात. त्याचा मान असतो. कुणी म्हणतं, तूच मोड घडी, तुझा हात चांगला. त्यावरून जावाजावांचे रुसवेफुगवे होतात. पण तीच साडी आधी दुकानात माझ्या अंगावर चढलेली असते, ते कुणी धरतच नाही. सेल्समनचं अंग हे अंग नसतं. ती खुंटी असते. त्या खुंटीवर मी किती नवऱ्यांचे शालू नेसलो असेन, आणि एकीचीही घडी माझ्यामुळे मोडली नाही.

मी चांगली खुंटी होतो. शेठ गल्ल्यावरून ओरडायचा, "ह्याच्या अंगावर पडली का साडी इकलीच समजा!" त्याला मी अण्णाशेठ म्हणायचो. सगळेच म्हणायचे. मला ते काम आवडत होतं, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. कापड हातात धरलं की कुठल्या रंगाच्या बाईला ते शोभेल हे मला दिसायचं.

तर त्या दिवशी नवरीची मावशी म्हणाली, "डोक्यावरनं पदर घे बाबा, म्हंजी नवरी कशी दिसंल ते कळंल." मी घेतला. तेवढ्यात मागे बसलेल्या नवरदेवाच्या चुलतभावानं मोबाईल वर धरला. एकदा मोबाईलकडे बघतो, एकदा माझ्याकडे. त्यात पुण्यातल्या मोर्चाचा व्हिडिओ होता. आमचा मोर्चा. पुरुषावर जीव लावणारे पुरुष, बाईवर जीव लावणाऱ्या बाया, सगळे भर रस्त्यानं हसत चाललेले. त्यात मी. माझा हात एका पुरुषाच्या हातात. त्या पुरुषाच्या तोंडाला रुमाल होता, माझ्या तोंडाला नव्हता.

"ह्योच हाय का न्हाई त्यो?"

मोबाईल हातोहात फिरला आणि गल्ल्यापर्यंत गेला. अण्णाशेठनं चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. मग तो उठला. हा माणूस जेवायलाही गल्ल्यावरून उठत नाही, डबा तिथंच मागवतो. माझ्यासाठी उठला.

बाटवली. हा शब्द आमच्या घराला नवा नव्हता. माझ्या पणजोबांना कापडाच्या दुकानाची पायरी चढू देत नसत. दुकानदार वरून धोतर फेकायचा, ते खाली झेलायचं. हात लावून बघितलं की बाटलं. त्यांनी धर्म बदलला, ख्रिस्ती झाले, मुलांना मिशनच्या शाळेत घातलं, ते या एका शब्दातून सुटायला. पणतू दुकानाची पायरी चढला, गादीवर उभा राहिला, नवऱ्यांचे शालू अंगावर घेतले. सगळं ठीक चाललेलं. फक्त शब्द कुठं गेला नव्हता. तो गल्ल्याखाली बसून वाट बघत होता.

ओढून काढलेला शालू गादीवर पडला होता. मी खाली बसलो आणि त्याची घडी घालायला लागलो. हाताची सवय. शेठ म्हणाला, "हात लावू नको. उठ." मावशी म्हणाली, "ह्यो शालू नको आमाला. दुसरा दावा." तोच शालू थोड्या वेळापूर्वी तिला इतका आवडला होता की तिनं त्याच्या काठाचा मुका घेतला होता.

मी चपला घातल्या आणि निघालो. मला लाज वाटली. रस्ताभर वाटली. घरी पोचल्यावर त्या लाजेचीच किळस आली. लाज मला का? ओढलं त्यानं, हसले ते, आणि मान खाली घालून चाललोय मी. हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी मोरेमामा घरी आले. मोरेमामा म्हणजे दुकानातले सगळ्यात जुने सेल्समन, पांढऱ्या झुपकेदार मिशा, पैठणी नेसून दाखवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. ते शेठचा निरोप घेऊन आलेले. आईनं त्यांना चहा दिला. मामा कपाकडे बघत बोलले.

"शेठ म्हनतो, ये. पर गादीवर न्हाई. वरच्या गोडाऊनला बसायचं, घड्या घालायच्या. गिऱ्हाइकाम्होरं यायचं न्हाई. त्यो इडिओ काडून टाकायचा." मग त्यांनी घसा साफ केला. "आन लगीन करायचं. तुज्या लग्नाचा बस्ता दुकानातर्फे."

मला आधी वाटलं ते चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. शेठ मोठ्या मनानं बोलला होता. कुठल्यातरी गावची कुणीतरी मुलगी, तिचा काही संबंध नाही, तिनं जन्मभर माझ्याशेजारी दगडासारखं पडून राहायचं, का तर शेठच्या गिऱ्हाइकांना बरं वाटावं म्हणून. आणि त्या मुलीला नेसायला शेठ फुकट शालू देणार. असली औदार्यं यांना सुचतात तरी कशी?

आई म्हणाली, "व्हय म्हन की रं. मोटं मन हाय त्येंचं."

मी म्हणालो, "न्हाई."

"न्हाई काय न्हाई? लोक काय म्हनत्याल?"

"लोकांचं म्हणून झालंय, आई. आता मी म्हणतो."

मोरेमामांना मी सांगितलं, शेठला सांगा, मला नोकरीही नको, गोडाऊनही नको, बस्ता तर नकोच. जे गादीवर बोलला ते त्यानं गादीवरच मागं घ्यावं. गिऱ्हाइकांसमोर. मोठ्यानं. चूक झाली म्हणावं. एवढंच.

मामा म्हणाले, "आरं, त्यो माफी मागंल व्हय?"

"मागेपर्यंत मी त्याच्या दुकानासमोर उभा राहीन."

तोंडातून गेलं खरं. आधी ठरवलेलं नव्हतं. पण बोललो आणि पाठ सरळ झाली. आई उठली, आत गेली आणि तिनं आपल्या साड्यांच्या ट्रंकेला कुलूप घातलं. तिला माझ्या आधी कळलं होतं मी काय करणार ते.

चर्चच्या मंडळींचंही सांगतो, नाहीतर मी एकट्या शेठलाच झोडपतोय असं होईल. तिथल्या वडीलधाऱ्यांनी मला बोलावून घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की प्रार्थना कर, हे जाईल. जणू मला पडसं झालंय. त्यातल्या एकानं हळूच हेही सांगितलं की जाईपर्यंत पुढच्या बाकावर बसू नकोस. तेव्हापासून मी कुठल्याच बाकावर बसलेलो नाही.

उभं राहायचं, पण नुसतं उभं राहून काय होणार? नुसता उभा माणूस श्रीरामपुरात रोज शेकड्यानं दिसतो. मला सुचलं ते एवढंच, की जे आम्ही दुकानाच्या काचेच्या आत करतो ते काचेच्या बाहेर करायचं. शर्ट-पँटवर साडी. चार निऱ्या, खांद्यावर पदर. तोंडातून अक्षर काढायचं नाही. बघू, आतल्या धंद्याचं बाहेर काय होतं.

माणसं जमवली. फार नाहीत. पुण्याच्या मोर्चात ओळख झालेले नगरचे दोघं आले. संगमनेरच्या दोन मुली आल्या, त्या एकमेकींच्या. राहुरीकडचे एक मास्तर आले, त्यांनी शेवटपर्यंत हेल्मेट काढलं नाही. साडी आणि वर हेल्मेट. मी म्हणालो, राहू द्या सर, तुमची नोकरी आहे. स्टेशनजवळ राहणाऱ्या एक तृतीयपंथी अक्का आहेत, त्या म्हणाल्या, "आमाला रोजच साडी हाय, तवा कोनी इचारत न्हाई. आज तुमी नेसा, मग बगा मजा." त्याही येऊन उभ्या राहिल्या. साड्या आणल्या बोहारणीकडून. जुन्या साड्यांवर भांडी देणाऱ्या बायका बाजारात बसतात, त्यांच्याकडून. त्यातल्या बऱ्याच आमच्याच दुकानातल्या होत्या. मला काठ ओळखू आले.

फिरोज टेम्पो घेऊन आला. व्हिडिओत रुमाल बांधलेला तो हाच. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून कापडाच्या गाठी दुकानांत पोचवतो. त्याचे भाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, सगळे याच बाजारात. तो साडी नेसला नाही. रुमाल बांधून टेम्पोत बसून राहिला, आम्हाला पाणी देत. नगरच्या एकानं विचारलं, हा खाली का उतरत नाही? मी त्याला तिथंच गप्प केलं. माझी लढाई फिरोजच्या तोंडावरचा रुमाल ओढायची नाही. ओढाओढी मी बघितली आहे.

बाजाराचा दिवस होता. पोलिस ठाण्यात अर्ज आधीच दिलेला. आम्ही दुकानाच्या समोरच्या फुटपाथला ओळीनं उभे राहिलो. सगळ्यांना मीच नेसवलं होतं. हातात एकच पाटी, "साडी दाखवणारा चालतो, माणूस चालत नाही?" रस्ता अडवला नाही, घोषणा दिली नाही. तरी गर्दी व्हायला किती वेळ लागतो? बघता बघता झाली. मोबाईल निघाले. कुणी शीळ घातली. कुणी "ए वैनी!" म्हटलं. रसवंतीवरून कुणीतरी उसाचं चिपाड फेकलं, ते मास्तरांच्या हेल्मेटवर टक्कन वाजलं. मास्तर हलले नाहीत.

आणि मग आले शहाणे. मोटारसायकल बाजूला लावून एक प्राध्यापक माझ्याजवळ आले आणि कुजबुजले, "तुमची मागणी रास्त आहे, पण ही पद्धत बरोबर नाही. साडीची काय गरज?" हे लोक बुडणाऱ्यालाही काठावरून सांगतील, बाबा, हात जरा नीट मार. मी पदर सारखा केला. ते "शुभेच्छा" म्हणून गेले. शुभेच्छा फुटपाथवर ठेवून गेले, अंगाला लावून घेतल्या नाहीत.

अण्णाशेठ पायरीवर आला. तोंड लाल. आधी ओरडला, मग फोन लावला. हवालदार आले. शेठ त्यांना हात करून सांगायला लागला, "बगा, बगा हे! भर रस्त्यात गडी साड्या नेसून हुबे हायेत. आयाबायांचं गिऱ्हाईक हाय आमचं. शोभतं का हे? उचला ह्यांना."

हवालदारांनी आमच्याकडे बघितलं. मग डोळे बारीक करून शेठच्या पाठीमागे बघितलं. काचेच्या आत, गादीवर, मोरेमामा उभे होते. गुलाबी पैठणी नेसून. पांढऱ्या मिशा, खांद्यावर मोरांचा पदर. समोरची बाई त्यांना सांगत होती, "जरा वळा." मामा वळले आणि थेट आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"शेठ," हवालदार म्हणाले, "मंग त्यो काय करतोय?"

शेठनं मागे बघितलं. "त्यो? त्यो धंदा हाय."

"आन ह्यो?"

शेठनं आमच्याकडे हात केला. "ह्यो चाळा हाय," तो म्हणाला.

गर्दीत हशा पिकला. हसूनहसून माणसं वाकली. या वेळी शेठवर. नगरचे दोघं खूश झाले, मला टाळी द्यायला लागले. मी नाही दिली. त्या हसण्याची मला काडीची किंमत नाही. त्या दिवशी गादीवर हसली ती अशीच माणसं होती. जिकडं घुगऱ्या तिकडं उदोउदो. आज शेठ, उद्या पुन्हा मी. हवालदारही काही आमचे झाले नाहीत. जाताना म्हणाले, "हसं झालं न्हवं? मंग पुरे आता. निघा." आम्ही बाजार उठेपर्यंत निघालो नाही, आणि पुढच्या प्रत्येक बाजाराला पुन्हा येऊन उभे राहिलो.

आता शहाणा माणूस काय करील? माफी मागून मोकळा होईल. दोन वाक्यांचं काम. पण शेठ लोकांचं डोकं वेगळं चालतं. अपमान करताना ते क्षणात करतात, माफी म्हटलं की त्यांना सात पिढ्या आठवतात. त्यानं काय केलं, तर दुकानात हुकूम काढला. आजपासून एकाही गड्यानं साडी नेसून दाखवायची नाही. म्हणजे पुन्हा कुणी बोट दाखवायला नको. आणि कुठून तरी प्लॅस्टिकच्या बाया आणून गादीवर उभ्या केल्या. गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या, कंबर मुठीत मावेल एवढी.

मला हे मोरेमामांनी सांगितलं तेव्हा मी हसलो, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. आमच्या भागातल्या बायका त्या बाहुलीकडे बघून काय ठरवणार? ती वळत नाही. डोक्यावरून पदर घेत नाही. तिच्या कमरेवर नऊवारीचा बोंगा होतो. बायका एकच म्हणायच्या, "ह्या भावलीला काय कळतंय? कोनीतरी नेसून दावा." सेल्समन मान खाली घालायचे. बायका उठायच्या आणि पलीकडच्या दुकानात जायच्या. ऐन लग्नसराई. आमच्या भीतीनं त्यानं स्वतःच्याच धंद्याच्या नरडीला हात घातला होता. आम्ही नुसते उभे होतो.

मग तो दिवस आला. तोही बाजाराचाच. कारखान्याच्या एका संचालकाच्या घरचा बस्ता. असलं गिऱ्हाईक हातचं गेलं तर शेठला गावात तोंड दाखवायला जागा नाही. गाड्यांतून बाया उतरल्या. आम्ही समोर नेहमीसारखे उभे. आत काय बोलणं झालं ते मामांनी नंतर सांगितलं. संचालकीणबाईंनी बाहुली बाजूला ढकलली आणि म्हणाल्या, "हे खेळनं न्या तिकडं. शालू नेसून दावा."

शेठनं मोरेमामांकडे बघितलं. मामा चेहरा जराही न हलवता म्हणाले, "तुमचाच हुकूम हाय शेठ. गड्यानं नेसायचं न्हाई." बाकीच्यांनीही माना हलवल्या. कुणी पुढे होईना. बाई उठायला लागल्या.

आणि आम्ही काचेतून बघितलं. अण्णाशेठ गल्ल्यावरून उठला. चपला काढल्या, गादीवर चढला. शालू उचलला आणि आपल्या ढेरीभोवती गुंडाळायला लागला. निऱ्या पडेनात. एकदा सुटल्या. पुन्हा घातल्या. बाईंनी काहीतरी सांगितलं, तसा त्यानं पदर डोक्यावर घेतला. टकलावरून पदर घसरायला लागला तसा एका हातानं धरून ठेवला. मग त्या म्हणाल्या असतील वळा, म्हणून तो वळला. आमच्याकडे.

मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, काही झालं तरी हसायचं नाही. कुणी हसलं नाही. अक्कांनी तेवढा पदर तोंडाला लावला. पण मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोटभर आनंद झाला. कीव वगैरे काही आली नाही. नवरीचा शालू अंगावर असलेला तो म्हातारा काचेतून माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. त्यानं नजर खाली केली. मी केली नाही.

वऱ्हाड गेल्यावर त्यानं मला बोलावलं. मी पदर खांद्यावरच ठेवून रस्ता ओलांडला आणि आत गेलो. गादी रिकामी. चहाचे कप पडलेले. मोरेमामा घड्या घालत होते, आमच्याकडे पाठ करून, पण त्यांचे कान इकडेच होते.

"बस," शेठ म्हणाला.

मी बसलो नाही.

"ये परत. गादीवर ये. कोन काय बोलनार न्हाई, मी बगतो."

"माफीचं काय?"

"येडा हाय का रं तू? शेठ मानूस नोकराची माफी मागतो व्हय कदी?"

"मी तुमचा नोकर न्हाई आता. मागा."

त्यानं दाराकडे बघितलं, बाहेर कुणी आहे का ते. आवाज बारीक केला. "आत्ता मागतो पायजे तर. कोन न्हाई इतं. झालं का समादान?"

माझं क्षणभर मन हललं. हेही सांगतो. आईचा चेहरा डोळ्यापुढं आला, तिचं बाजारात तोंड चुकवत जाणं आलं. त्याचे ओठ हललेही असते. मोरेमामा ऐकत होते, दोन माणसांत का होईना, झालं असतं एकदाचं. पण मग कळलं, हा तर यांचा जुनाच हिशेब आहे. अपमान चारचौघांत, माफी दार लावून. प्रेमही आम्ही दार लावूनच करायचं, जगायचंही दार लावूनच, आणि आता माफीसुद्धा दार लावूनच घ्यायची. वर उपकार मानायचे. थू.

"गिऱ्हाईक बसलेलं असताना मागा," मी म्हणालो.

"ते व्हायचं न्हाई."

"मंग बाजारच्या दिवशी समोर हाय मी."

"किती दिस? आं? किती दिस हुबा ऱ्हाशील?"

मी पायऱ्या उतरलो. समोर माझी माणसं ओळीत उभी होती. मास्तरांनी सरकून जागा केली.

त्याला वाटतं मी दमेन. पाय दुखतील, पोट मागं लागेल, आई रडेल, फिरोज कंटाळेल, दुसऱ्या गावी काम मिळेल आणि मी निघून जाईन. मोर्चेवाले असेच येतात आणि असेच जातात, असं तो सगळ्यांना सांगत असतो. सांगू दे. आठवडाभर मी फिरोजच्या टेम्पोवर गाठी चढवतो, त्यात माझं भागतं. बाजारच्या दिवशी मी इथं असतो. लग्नसराईत सकाळी उभं राहिलं की दुकान बंद होईपर्यंत भिंतीलाही टेकायचं नाही, हा कायदा त्यानंच आम्हा सेल्समन लोकांना घालून दिला होता. माझे पाय त्या कायद्यात तयार झालेत. तो माफी मागेल तेव्हा गादी भरलेली असेल, दार सताड उघडं असेल आणि आवाज मेन रोडपर्यंत ऐकू येईल. तोवर मी उभा आहे.